रेस्क्यू कोर्सवरच्या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की, रेस्क्यू डायव्हर कोर्सचे (स्कूबा डायव्हिंग करताना अडचणीत आलेल्याला वाचवायला शिकवणारा कोर्स) पैसे भरूनही निम्मा वेळ वाळूवर गेला, इन्स्ट्रक्टर पाण्यात अचानक अंगावर आला, शेवटच्या दिवशी इतरांच्या बोटी गेल्या पण आपली गेली नाही, आणि वर सर्टिफिकेटही मिळालं नाही. मालवणात हा कोर्स करायचा विचार असलेले इतर लोकही हे वाचणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अंगावर येण्याबद्दल. तो इन्स्ट्रक्टर घाबरलेल्या डायव्हरची भूमिका करत होता. खरोखर घाबरलेला माणूस मास्क कपाळावर सारतो, तोंडातला रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं साधन) काढून टाकतो आणि समोर जो तरंगताना दिसेल त्याच्यावर चढायला बघतो. तो सांगून येत नाही. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये आम्ही सांगितलं होतं की आज कोणीही कधीही घाबरेल, आणि सराव तिथल्या तिथे थांबवायची खूणही ठरली होती. पहिल्या वेळी तुम्ही समोरून गेलात आणि त्याने तुमच्या गळ्याला मिठी मारली. तुम्ही हातांनी त्याला ढकलत राहिलात. अशा वेळी ताकद कामी येत नाही. आपला रेग्युलेटर तोंडात घट्ट धरायचा आणि खाली जायचं. जो जिवाच्या आकांताने वर राहायला धडपडतोय तो तुमच्यामागे खाली येत नाही, हात सोडतो. मग मागून वर यायचं, त्याच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह पकडायचा, दोन्ही गुडघ्यांत सिलिंडर धरायचा आणि त्याचा बीसीडी (हवा भरून तरंगवणारं जॅकेट) फुगवायचा. दुसऱ्या वेळी तुम्ही हे अगदी नीट केलंत. रिव्ह्यूमध्ये ते आलेलं नाही, पण ते तुमचं श्रेय आहे म्हणून इथे लिहितो.

वाळूवरचा बराचसा वेळ ऑक्सिजन किटसाठी होता आणि तो मी कमी करणार नाही. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागापेक्षा दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून भरून घेतलेला श्वास रोखून कोणी वर आला, तर फुप्फुसातली हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटतं, बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात. यासाठी फार खोल जावं लागतं असंही नाही, उथळ पाण्यातही हे घडतं. यावर आणि डीकम्प्रेशन सिकनेसवर (दाब झपाट्याने कमी झाल्याने शरीरात वायूचे बुडबुडे होण्याचा आजार) खरा उपचार रिकम्प्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे पुन्हा दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत होतो. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात चेंबर आहे, पण मालवणहून मुंबई रस्त्याने ५०० किलोमीटरच्या आसपास. तोवर त्या माणसाला आडवं ठेवून शंभर टक्के ऑक्सिजन देणं एवढंच आपल्या हातात असतं. मग हलत्या बोटीत, आरडाओरड चालू असताना, किट न चुकता जोडता यायला नको का? सनस्क्रीन लावलेल्या हातांनी तुम्ही व्हॉल्व्ह धरलात तेव्हा आमच्या सेंटरवरचा मुलगा ओरडला, हेही तुम्हाला खटकलं. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनला तेल लागलं तर आग लागू शकते. त्या क्षणी गोड बोलायला वेळ नव्हता.

१०८ ला काय सांगायचं, तटरक्षक दलाचा १५५४ कधी लावायचा, बोटीवर कोणी कोणतं काम उचलायचं, हे सगळंही वाळूवरच शिकवलं. ते पाण्याखाली बोलून शिकवता येत नाही.

शेवटच्या दिवशी अमावास्येचं उधाण होतं. ओहोटीची ओढ जोरात होती आणि पाणी इतकं गढूळ की हात लांब केला तर बोटं दिसेनात. त्या दिवशीचा सराव होता हरवलेला डायव्हर शोधायचा आणि बेशुद्ध डायव्हर वर आणायचा. बेशुद्ध असल्याचं सोंग करून तळाशी पडलेला आमचा माणूस खरंच वाहून गेला असता तर? इतर बोटी का गेल्या ते त्यांनाच ठाऊक, मी त्यांच्याबद्दल काही म्हणत नाही. आमच्या तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) पाणी बघून नको म्हटलं की आमच्याकडे त्यावर चर्चा होत नाही. गिऱ्हाईक नाराज होतं, हे मला कळतं. तरी हा निर्णय मी पुन्हाही असाच घेईन.

आता सर्टिफिकेट. तुम्हीच हा विषय उघड केलात म्हणून लिहितो. आदल्या दिवशी उथळ पाण्यात तुम्ही बेशुद्ध डायव्हरला वर आणलंत, पण त्याचा वेट बेल्ट (खाली जाण्यासाठी बांधलेला वजनांचा पट्टा) सोडायचा राहिला, आणि श्वासमार्ग मोकळा करायच्या आधीच तुम्ही त्याला किनाऱ्याकडे ओढायला लागलात. घाईत असं पुष्कळांचं होतं, सरावाने ते सुटतं. पण समुद्रातला भाग झालाच नव्हता, मग सर्टिफिकेटच्या कार्डावर सही कशी करणार? ते कार्ड बघून उद्या कोणीतरी तुमच्या भरवशावर पाण्यात उतरेल. पूर्ण फी भरली म्हणून सही करणारं सेंटर मला चालवायचं नाही.

तुमचे पैसे वाया गेलेले नाहीत. पूर्ण झालेल्या भागांची लेखी नोंद आमच्याकडे तयार आहे. ती घेऊन उरलेला भाग दुसऱ्या सेंटरमध्ये करायचा असेल तर जरूर करा, त्यांच्या इन्स्ट्रक्टरशी मी स्वतः बोलेन. आमच्याकडे करायचा असेल तर बोट, सिलिंडर, इन्स्ट्रक्टर यांतल्या कशाचेही वेगळे पैसे घेणार नाही. फक्त पावसाळ्यासाठी डायव्हिंग बंद होण्याआधी या, आणि निघायच्या आधी फोन करा. अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस बघून ठरवू, तेव्हा पाण्याला ओढ कमी असते. परत जाताना विमानाने जाणार असाल तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास मोकळे ठेवून तिकीट काढा.