हळदीने कॅन्सरचा "तो एक जीन" बंद होतो म्हणे, पण असा एक जीन नसतोच

तीन ग्रुपवर तोच मेसेज आला म्हणून लिहितेय. मेसेज असा, की ब्रेस्ट कॅन्सर एका खराब जीनमुळे होतो, तो आईकडून येतो, रोज हळद आणि काळी मिरी घेतली की तो बंद पडतो, लॅबमध्ये २४ तासांत कॅन्सरच्या पेशी मेल्यात, त्यामुळे केमो आणि हार्मोनच्या गोळ्या घ्यायची गरजच नाही. मी काही वर्षं लॅबमध्ये ह्याच पेशी वाढवायचं काम केलंय, आणि आमच्या ओळखीच्या एका काकूंनी हे वाचून टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी दोन आठवडे बंद ठेवली, म्हणून गप्प बसवत नाहीये.

आधी ते आईकडून येण्याचं बघू. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ह्या जीनमधले दोष वारशाने येतात हे खरंय, पण वारशाने होणारे ब्रेस्ट कॅन्सर सगळे मिळून साधारण ५ ते १० टक्केच असतात. म्हणजे आईला नव्हता म्हणून गाठीकडे दुर्लक्ष करायचं हे फार धोक्याचं आहे. आणि बीआरसीए हे मुळात डीएनएची दुरुस्ती करणारे जीन, ते काम करेनासे झाले की त्रास होतो, मग ते "बंद करायचे" कशाला?

आता "एक जीन". जीन अंगात असणं वेगळं आणि तो किती जोरात चालू आहे हे वेगळं. हर-टू हा पेशीच्या वाढीशी संबंधित जीन आपल्या सगळ्यांच्यात असतो, प्रत्येक पेशीत दोन प्रती. पण १५ ते २० टक्के गाठींमध्ये त्याच्या खूप जास्त प्रती होतात, पेशीच्या कडेवर त्याचं प्रोटीन दाटतं आणि पेशीला सारखा वाढ-वाढ असा निरोप जात राहतो. अशा गाठीची, म्हणजे हर-टूच्या तपासणीत सगळ्यात वरचा ३+ आलेली, स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघितली तर प्रत्येक पेशीभोवती गडद तपकिरी कडा दिसते, जाळी विणल्यासारखी. १९८७ मध्ये अमेरिकेतले कॅन्सर संशोधक स्लेमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ह्या जादा प्रती असलेल्या बायकांचा आजार जास्त आक्रमक असतो, आणि १९९८ मध्ये त्याच प्रोटीनवर बसणारं औषध, ट्रॅस्टुझुमॅब, अमेरिकेत मंजूर झालं. पण ज्या गाठीत हर-टू वाढलेलाच नाही तिथे ह्याच कारणासाठी ते देऊन उपयोग नाही, तिथे वाढ दुसऱ्याच कशावर चालू असते.

मरण्याचंही तसंच. पेशीचं मरण ठरलेल्या पायऱ्यांनी होतं, पी-५३ नावाचा जीन डीएनएची हानी बघून इशारा देतो, बीसीएल-२ हा दुसरा जीन मरण रोखून धरतो, शेवटी कॅस्पेस नावाची एन्झाइम्स आतली प्रोटीन्स कापतात. मग बीसीएल-२ जास्त म्हणजे वाईट असं वाटेल ना? पण ब्रेस्ट कॅन्सरमध्ये बीसीएल-२ जास्त असलेल्या गाठी बऱ्याचदा कमी आक्रमक निघतात, कारण इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनचा निरोप घेणारं पेशीतलं प्रोटीन, काम करत असला की तो बीसीएल-२ पण वाढवतो, आणि अशा गाठींवर हार्मोनच्या गोळ्या चालतात. मला स्वतःला हे पहिल्यांदा वाचून पटायला वेळ लागला होता.

राहिली ती लॅबची गोष्ट. हळदीतलं कर्क्युमिन डिशमधल्या पेशी मारतं, ते खोटं नाही, तळाला चिकटून पसरलेल्या पेशी गोल होतात, सुटतात आणि गुलाबी मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, तरंगायला लागतात. पण कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, ते डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून घालतात, आणि ते डीएमएसओच जास्त पडलं तरी पेशी मरतात, म्हणून नुसत्या डीएमएसओची डिश शेजारी ठेवावीच लागते. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, त्यातलं आतड्यातून रक्तात अगदी थोडं जातं, आणि डिशमध्ये घालतात तेवढं रक्तात जेवणातून कधी पोचतच नाही. शिवाय एमसीएफ-७ ही ब्रेस्ट कॅन्सरच्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त वापरली जाणारी पेशींची जात १९७३ मध्ये डेट्रॉइटमधून पुढे आली, एकाच बाईच्या छातीतल्या पाण्यातून वाढवलेली, आणि तिच्यात कॅस्पेस-३ चालतच नाही! त्या पेशी कशा मरतात त्यावरून सगळ्यांच्या गाठीबद्दल कसं बोलणार?

सगळ्यात घातक भाग काळी मिरीचा. मिरीतल्या पायपरिनमुळे कर्क्युमिन जास्त शोषलं जातं म्हणून ते मेसेजमध्ये आलंय. पण २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांना कर्क्युमिन आणि पायपरिनच्या सप्लिमेंट दिल्यावर टॅमॉक्सिफेनचं खरं काम करणारं रूप, एंडॉक्सिफेन, रक्तात साधारण १२ टक्क्यांनी कमी झालं. भाजीतल्या चिमूटभर हळदीबद्दल हे नाही, कॅप्सूलबद्दल आहे. आणि हार्मोन पॉझिटिव्ह असताना ५ वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने ब्रेस्ट कॅन्सरने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, हे हजारो बायकांवर वर्षानुवर्षं बघितलेलं आहे.

काकूंच्या घरी बसून फाइल उघडली तेव्हा त्यांच्या रिपोर्टवर ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, ८/८ आणि हर-टू १+, म्हणजे वाढलेला नाही, असं होतं. म्हणजे त्यांची गाठ इस्ट्रोजेनवर वाढणारी, आणि बंद केलेली गोळी नेमकी तोच रिसेप्टर अडवणारी. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, कॅप्सूलची बाटली माझ्याकडे दिली आणि त्याच रात्री गोळी परत चालू केली.