पेंटहाऊस उर्फ पडवी

आम्ही सोसायटीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. बिल्डरने माहितीपत्रकात त्याला ‘पेंटहाऊस’ म्हटलं होतं आणि त्या पाच अक्षरांचे वेगळे पैसेही लावले होते. एप्रिलात स्लॅब तापतो, जूनमध्ये गळतो. नातेवाईक मात्र “काय बुवा, पेंटहाऊसवाले!” म्हणत येतात आणि तडक पंख्याखाली जाऊन बसतात.

पातेल्यातली टपटप झोपू देईना, तेव्हा शब्दकोश काढला. बघतो तर काय, या शब्दाचा ‘हाऊस’शी रक्ताचा संबंधच नाही! मूळ लॅटिन ‘अपेंडिसियम’, म्हणजे मुख्य इमारतीला मागाहून जोडलेलं काहीतरी. फ्रेंचांनी त्याचं ‘अपेंटिस’ केलं, इंग्रजांनी पुढचा ‘अ’ गाळून ‘पेंटिस’. भिंतीला टेकवलेलं उतरतं छप्पर. आपल्याकडे यालाच पडवी म्हणतात! पुढे ‘पेंट’मध्ये लोकांना फ्रेंच उतार दिसला, शेपटातल्या ‘इस’मध्ये हाऊस ऐकू आलं आणि पडवीचं घर झालं. जुन्या इंग्रजी प्रवचनांत तर येशू जन्मला त्या गोठ्यालाही हाच शब्द लावलाय. ‘अपेंडिक्स’ याच घराण्यातला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आमच्या मजल्याची आठवणही तशीच, दुखायला लागल्यावरच निघते.

१६०० साली छापलेल्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये शेक्सपिअरचा बोराचिओ सोबत्याला सांगतो की या पेंटहाऊसखाली उभा राहा, पाऊस भुरभुरतोय. म्हणजे तेव्हाचं पेंटहाऊस निदान गळत तरी नव्हतं.

ही पडवी गच्चीवर चढवली न्यूयॉर्ककरांनी. तिथे वर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची यंत्रं आणि नोकरांच्या खोल्या असायच्या. १९२०च्या दशकात श्रीमंतांना वरची हवा मानवली. नोकर खाली आले, भाडं वर गेलं. आमच्या बिल्डरने भाव न्यूयॉर्कचा घेतला आणि माल अस्सल लॅटिन दिला.

इंग्लंडात हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात जुन्या पद्धतीचं टेनिस अजून खेळतात. त्या कोर्टाच्या कडेच्या उतरत्या छपराला आजही पेंटहाऊसच म्हणतात आणि सर्व्हिसचा चेंडू त्यावर आपटावाच लागतो. आमच्या डोक्यावर, गच्चीत, पोरं भर दुपारी क्रिकेट खेळतात. तक्रार घेऊन सेक्रेटरींकडे गेलो, तर ते पान जुळवत म्हणाले, “अहो, छप्पर म्हटलं की चेंडू आपटणारच.”

खेळाचे नियम त्यांना माझ्याआधीच ठाऊक होते.