एअरसॉफ्टला परवाना? धोका नळीत नाही, दिसण्यात आहे

नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हुबेहूब पिस्तुलासारख्या दिसणाऱ्या एअरसॉफ्ट बंदुकांना आपल्याकडे कायदाच लागू नाही, त्या छर्रे मारतात म्हणजे बंदुकाच आहेत, परदेशात त्या केव्हाच बंद झाल्या, तेव्हा खऱ्या बंदुकीचा परवाना त्यांनाही लावा, गुन्हे थांबतील.

यामागची काळजी खोटी नाही. फुटाळा तलावावर रील बनवणारं एखादं पोट्टं कमरेचं काळं पिस्तूल उपसतं, तेव्हा शेजारच्या भेळवाल्याला ते प्लास्टिकचं आहे हे कसं कळावं? पण औषध चुकीचं सुचवलंय.

‘कायदाच नाही’ हे आधी घेऊ. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये नकली अग्निशस्त्राची व्याख्याच दिली आहे: गोळी सुटो वा न सुटो, अग्निशस्त्रासारखी दिसणारी कोणतीही वस्तू. तिचं खऱ्या शस्त्रात रूपांतर करायचं तर कलम ६ प्रमाणे परवाना लागतो. अटक टाळण्यासाठी ती वापरली तर कलम २८ खाली सात वर्षांपर्यंत कैद. खेळणी वगळली आहेत, पण सरसकट नाही. ज्यांचा खेळण्यापलीकडे उपयोग होत नाही आणि ज्यांचं चालतं शस्त्र बनवता येत नाही, तेवढीच. शिवाय इतवारीतल्या एखाद्या सराफाला खोटं पिस्तूल दाखवून लुटलं, तर जबरी चोरी खोटी ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०९ ला समोरच्याला तत्काळ मृत्यूची किंवा इजेची भीती घातली एवढं पुरतं. शिक्षा दहा वर्षांपर्यंत.

‘छर्रा सुटतो म्हणजे बंदूकच’ हा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो. कायद्याची व्याख्याही रुंद आहे. स्फोटकानेच नव्हे, इतर कोणत्याही ऊर्जेने काही फेकणारं शस्त्र तिच्यात बसतं. म्हणून तर ऊर्जा मोजावी लागते. एअरसॉफ्टचा नेहमीचा छर्रा ६ मिलिमीटरचा, प्लास्टिकचा, वजन ०.२ ग्रॅम. तो सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा भरते १ ज्यूल. एअरगनसाठी शस्त्र नियम २०१६ मध्ये आखलेली रेषा २० ज्यूलची आहे. ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी ५०० ज्यूलच्या आसपास जाते. एक ज्यूलनेही डोळा जाऊ शकतो, म्हणून या बंदुकांनी एकमेकांवर छर्रे मारण्याचा खेळ खेळणारे चष्मा चढवल्याशिवाय मैदानात उतरत नाहीत. पण डोळा जाऊ शकतो एवढाच निकष लावला तर गलोलीलाही परवाना लागेल.

आता परवान्याचं बघा. शस्त्र अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे २१ वर्षांखालच्याला साधारणपणे अग्निशस्त्र बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्राला किमान दोन वर्षे, जास्तीत जास्त पाच वर्षे कैद आहे. म्हणजे बारावी झालेल्या, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या कपाटात हे प्लास्टिक सापडलं की त्याची गाठ थेट देशी कट्ट्याच्या कलमाशी. आणि कट्टा बाळगणारा? तो आजही पोलीस आयुक्तालयात अर्ज करायला जात नाही बाप्पा! लुटारूला प्रतिकृती हवी असते ती दिसण्यासाठी, आणि परवान्याने तिचं दिसणं तसूभरही बदलत नाही. परवाना असलेलं काळं पिस्तूलही रात्री नाकाबंदीवर उभ्या असलेल्या शिपायाला काळं पिस्तूलच दिसणार.

परदेशाचा दाखला तर उलटाच पडतो. जपानमध्ये हा खेळ वाढलाच मुळी सामान्य माणसाला खरी बंदूक मिळणं जवळपास अशक्य असल्यामुळे. तिथे मर्यादा आहे ०.९८ ज्यूलची. ब्रिटनने २०१७ च्या कायद्याने एअरसॉफ्टला अग्निशस्त्राच्या व्याख्येतूनच बाहेर काढलं. अट एवढीच की एकेरी मारा असेल तर २.५ आणि सलग मारा असेल तर १.३ ज्यूलच्या वर जायचं नाही. बंदी घातली ती वेगळ्या गोष्टीवर. २००६ च्या कायद्यानुसार खरी वाटणारी नक्कल बनवणं, आणणं, विकणं हा गुन्हा आहे. त्यातून सवलत संग्रहालयं, नाटक-सिनेमा, विमा उतरवलेल्या मैदानांवरचे एअरसॉफ्ट खेळ अशा ठरावीक कामांना.

आपण उचलायचं तर हे उचलावं. अमेरिकेसारखं फक्त नळीच्या टोकाला नारिंगी रंग लावून भागणार नाही, कारण टोक काढता येतं. क्लीव्हलँडमध्ये २०१४ साली पोलिसाच्या गोळीने मेलेल्या बारा वर्षांच्या टमिर राइसच्या हातातल्या एअरसॉफ्टवर ते टोक नव्हतं. त्यापेक्षा दुकानात आणि ऑनलाइन विकली जाणारी प्रतिकृती पूर्ण भडक रंगाची किंवा पारदर्शक असावी, अठराखालच्यांना विक्री नसावी, रस्त्याने नेताना ती बंद पिशवीत असावी. आणि घरी आणून तिला काळा रंग फासला, तर तोही गुन्हा धरावा. ब्रिटनच्या २००६ च्या कायद्यात तशी तरतूद आहे.