‘सायन्सला नाही का मिळालं?’

आज सकाळी पुतणीच्या प्रवेशाचे पेढे घेऊन मी शेजारी गेलो होतो. बारावीला ८८ टक्के मिळवून तिने कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात बी. ए.ला प्रवेश घेतला आहे. शेजारच्या गृहस्थांनी पेढा हातात घेतला आणि हळहळून विचारले, ‘‘सायन्सला नाही का मिळालं?’’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हते हे मला ठाऊक आहे, पण दिवसभर ते वाक्य डोक्यातून गेलेले नाही.

मी त्याच महाविद्यालयात शिकलो. दसरा चौकातल्या एका बोर्डिंगात राहत होतो आणि माझे जेवण गगनबावड्याच्या एसटीने येत असे. आई पहाटे भाकरी आणि झुणका बांधून डबा कंडक्टरच्या हवाली करायची आणि मी तो रंकाळा स्टँडवर उतरवून घ्यायचो. एका जुलैत बालिंग्याजवळ रस्त्यावर पाणी आले आणि दोन दिवस गाडीच आली नाही. तिसऱ्या दिवशी तर्कशास्त्राच्या तासाला सरांनी शिकवणे थांबवले आणि ज्यांचा डबा आलेला नाही त्यांनी उभे राहावे, असे सांगितले. आम्ही चौघे उभे राहिलो.

इटलीत फ्लॉरेन्सला १८७० मध्ये विशीतच वारलेल्या राजाराम महाराजांच्या नावाने १८८० मध्ये हे महाविद्यालय सुरू झाले. गोपाळ कृष्ण गोखले येथे शिकत असताना त्यांच्या थोरल्या भावाने स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली होती आणि त्यातले आठ रुपये तो धाकट्याला पाठवत असे. ते आठ रुपये आणि माझ्या आईचा डबा मला वेगळे वाटत नाहीत. पुढे शाहू महाराजांनी खेड्यांतल्या मुलांसाठी जातीजातींची वसतिगृहे उभी केली. त्यांतले व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चे, आणि ज्यांना गावात पाणवठ्यावरही उभे करत नसत, त्या मुलांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग त्यानंतर काही वर्षांनी आले. कादंबरीकार ना. सी. फडके येथे तत्त्वज्ञान शिकवत होते. ज्यांना १९३८ मध्ये ‘छंदोरचना’साठी मुंबई विद्यापीठाने डी. लिट. दिली, ते कवी माधव जूलियनही येथलेच प्राध्यापक. तुरुंगवास भोगून आलेले कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण त्याच वर्षी येथून इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झाले. यांपैकी कोणालाही ‘सायन्सला नाही का मिळालं’ असे कोणी विचारले असेल का?

नुसत्या बी. ए.वर नोकरी मिळत नाही, हे मला मान्य आहे. माझ्याबरोबर उभ्या राहिलेल्या तिघांपैकी एकाची बरीच वर्षे स्पर्धा परीक्षांत गेली. पण त्याचा दोष इतिहासाला आणि तर्कशास्त्राला कसा देता येईल? राज्यभर प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, तासिका तत्त्वावर तरुणांना राबवून घ्यायचे आणि मग कला शाखेत काही राम उरला नाही असे म्हणायचे, हा शुद्ध अन्याय आहे, आणि तो शेतकऱ्याच्या मुलांवरच होतो, कारण ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांची मुले हेच विषय खासगी विद्यापीठांत लाखो रुपये भरून शिकतात आणि तेथे त्याला कोणी कमी लेखत नाही.

सरांनी त्या दिवशी आम्हाला घरी नेले. आमटी-भात वाढता वाढता त्यांनी विचारले, ‘‘सरकार तुम्हाला जवळजवळ फुकट शिकवते, हा उपकार की तुमचा हक्क? संवाक्यात मांडून दाखवा.’’ संवाक्य म्हणजे दोन विधाने आणि त्यांतून निघणारा निष्कर्ष. माझी दोन्ही विधाने नीट जमली, पण निष्कर्ष त्यांतून निघत नव्हता. जेवण संपेपर्यंत ते मला पुन्हापुन्हा मांडायला लावत होते. काकूंनी तिसऱ्यांदा भात वाढला, तेव्हा कोठे मला माझी चूक सापडली. पोटात अन्न आणि समोर प्रश्न, एवढेच त्या घरी मिळाले होते, आणि माझ्या पुतणीलाही तेवढे मिळावे, एवढीच माझी इच्छा आहे.

हे लिहिता लिहिता राग बराच ओसरला आहे. शेजारी भले माणूस आहेत. त्यांचा मुलगा कर्ज काढून इंजिनिअर झाला आणि अजून हप्ते फेडतो आहे, त्यामुळे त्यांच्या तोंडून काळजीच बोलली असणार. पुतणीने मात्र तर्कशास्त्र घेतलेले नाही, इतिहास घेतला आहे. मला थोडे वाईट वाटले. सोमवारी तिला सोडायला मी कोल्हापूरला जाणार आहे, आणि आई आतापासूनच भाकरीचे पीठ चाळून ठेवते आहे.