सगळ्या गोळ्या एकदम घेऊ नका

व्हॉट्सॲपवर फिरणारा सल्ला असा: "व्हिटॅमिनच्या सगळ्या गोळ्या सकाळी चहासोबत एकदम घ्या, म्हणजे विसरायला होत नाही. जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं. ही औषधं नव्हेत, इतर गोळ्यांच्या आड येत नाहीत."

"एकदम घ्या." सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, तेही गरोदर बाईचं. सरकारी दवाखान्यातून तिला चौथ्या महिन्यापासून रोज लोहाची एक लाल गोळी मिळते (60 मिलिग्रॅम लोह, 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) आणि कॅल्शियमच्या 500 मिलिग्रॅमच्या दोन. एकत्र घेतल्या की कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं, उरलेलं लोह चहातलं टॅनिन (तुरट द्रव्य) बांधून ठेवतं. पाकिटं संपतात, हिमोग्लोबिन वाढत नाही आणि "गोळ्या लागू पडत नाहीत" म्हणून त्या बंद होतात. कॅल्शियम सकाळी 8 वाजता नाश्त्यासोबत आणि रात्री 8 वाजता जेवणासोबत घ्यावं. कारण या गोळ्यांतलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, ते खाण्यासोबत सुटतं. कॅल्शियमच्या दोन्ही गोळ्या एका वेळी घेतल्या तर कमी शोषल्या जातात. दुपारचं जेवण 1 वाजता, लोह 3 वाजता लिंबूपाण्याबरोबर, चहा 4 नंतर. लोहाच्या गोळीने मळमळलं तर ती दोन घास खाऊन घ्यावी, पण सोडू नये. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नये.

"लघवीवाटे निघून जातं." बी आणि सी गटाबाबत बरंचसं खरं आहे. तरी बी6 मोठ्या मात्रेत महिनोन्महिने घेतलं तर हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. ए, डी, ई, के मात्र चरबीत विरघळतात आणि अंगात साठतात. डी3 चं 60,000 युनिटचं पाकीट सहसा आठवड्याला एक असतं, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपुरतं. रोजचं समजून घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं: उलट्या, सतत तहान, बद्धकोष्ठ, पुढे मूत्रपिंडाला इजा. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' लिहिलेलं असतं, ते कृपा करून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा.

"इतर गोळ्यांच्या आड येत नाहीत." येतात. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, नाश्त्याआधी अर्धा ते एक तास. लोह-कॅल्शियम तिच्यापासून 4 तास लांब. म्हणजे ही गोळी 6 वाजता घेणाऱ्या गरोदर बाईने सकाळचं कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत घ्यावं आणि लोह 4 वाजता, चहा 5 नंतर. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लोह, कॅल्शियम, झिंक यांना चिकटून बसतं आणि जंतुसंसर्ग तसाच राहतो. ते या गोळ्यांच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यावं. वॉरफॅरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर मल्टिव्हिटॅमिनमध्ये व्हिटॅमिन के आहे का, हे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय डबी उघडू नये.