आधी सभागृह, मग पुस्तक

तुमचं पुस्तक येतंय असं कळलं. अभिनंदन. 'कशावर आहे?' असं कुणी विचारलं, तर तो माणूस विद्यापीठाच्या वर्तुळातला नाही हे ओळखा आणि चहा पाजून त्याला वाटेला लावा. आतला माणूस आधी विचारतो, 'आयएसबीएन आहे ना?'

तेव्हा सुरुवात तिथूनच करू. हा तेरा आकडी क्रमांक दिल्लीतल्या, राजा राममोहन रॉय यांच्या नावाने चालणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो आणि त्याला एक पैसाही पडत नाही. एका पुस्तकाची दुसऱ्या पुस्तकाशी गल्लत होऊ नये, एवढंच त्याचं काम. साबणाच्या वडीवरच्या बारकोडवरून फेस किती येईल हे कळत नाही, तसंच हे. पण असलं काही स्टाफरूममध्ये बोलू नका. तिथे हा क्रमांक म्हणजे विद्वत्तेचा दाखला. काही प्रकाशक त्याचे वेगळे पैसे लावतात. घासाघीस न करता देऊन टाका. फुकट मिळालेल्या विद्वत्तेला कॉलेजात कोण विचारतो?

आता मुख्य विषय, म्हणजे प्राध्यापकाच्या बढतीचे गुण. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत एक तक्ता आहे. तो पाठ करा, ज्ञानेश्वरी निवृत्तीनंतरही वाचता येते. स्वतः लिहिलेल्या पुस्तकाला, प्रकाशक राष्ट्रीय असेल तर १० गुण, आंतरराष्ट्रीय असेल तर १२. संपादित पुस्तकातल्या एका प्रकरणाला ५. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकाच्या संपादकाला ८. आता कागद घेऊन बसा. तीनशे पानांचं पुस्तक, सहा वर्षांची मेहनत, १० गुण. दोन संपादित पुस्तकांत आठ-आठ पानांची दोन प्रकरणं, १० गुण. तक्त्यात पानांचा रकाना नाही, वाचकांचा तर नाहीच नाही. हे सगळं कळूनही जो सहा वर्षं लिहीत बसतो, त्याची बढती अडली तर दोष तक्त्याचा कसा?

त्या १२ गुणांसाठी ऑक्सफर्डला जायची गरज नाही. झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर कार्यालय असलेल्या प्रकाशकाच्या पाटीवर 'इंटरनॅशनल' असलं की भागतं. नसलं तर पुढच्या मंगळवारपर्यंत रंगवून मिळतं.

फारच घाई असेल तर एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र घ्या. विषय असा हवा की कुणाचाही लेख त्यात मावला पाहिजे: 'एकविसाव्या शतकातील भाषा, साहित्य, समाज, पर्यावरण आणि तंत्रज्ञान : आव्हाने व संधी'. नोंदणी शुल्कातच लेख पुस्तकात छापून मिळेल, हे पत्रकावर ठळक टाका. चाळीस जण पैसे भरतील, त्यातले अकरा प्रत्यक्ष येतील, आणि त्यातले सात जेवणापर्यंत थांबतील. तीस प्रकरणं जमली तरी एका पुस्तकातून तीस पंचे दीडशे गुण महाराष्ट्रभर वाटले जातात, वर तुमचे ८ आहेतच. मुकुंदराजांपासून आजवर मराठीतल्या एकाही ग्रंथाने इतक्या लोकांचं इतक्या झटपट कल्याण केलेलं नाही. आलेले लेख वाचायच्या फंदात पडू नका. 'लेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' हे वाक्य पहिल्या पानावर टाका; जी मतं वाचलीच नाहीत त्यांच्याशी सहमत होणं तसंही कठीण.

नियतकालिकांच्या नादी लागू नका. तिथे दगाफटका होतो. २०१८च्या मे महिन्यात आयोगाने आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका दमात उडवली आणि कित्येक फाइली उघड्यावर पडल्या. मग मान्य नियतकालिकांची नवी, 'केअर' नावाची यादी आली. तिचा कारभार पुण्याच्या विद्यापीठातून चालायचा. लोक तिला सरावतात न सरावतात तोच २०२५च्या फेब्रुवारीत तीही बंद केल्याचं जाहीर झालं. पुस्तकावर असली संक्रांत येत नाही.

लिहायला वेळ नाही म्हणता? अहो, प्रबंध आहे ना! तो 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर सगळ्या जगाला फुकट उपलब्ध आहे ही अडचण समजू नका. इतकी वर्षं तिथे राहूनही त्यातली तिसऱ्या प्रकरणातली चूक कुणी कळवली नाही, याचा अर्थ मजकूर अजून कोरा करकरीत आहे. शीर्षकातून 'एक चिकित्सक अभ्यास' काढा, गृहीतकं आणि संशोधनाची व्याप्ती तशीच ठेवा, त्याने वजन येतं. कष्ट घ्यायचेच असतील तर ऋणनिर्देशावर घ्या. संबंध पुस्तकात लोक वाचतात ते तेवढंच प्रकरण, आपलं नाव आलंय का आणि कुणाच्या खाली आलंय हे बघायला. मार्गदर्शक, प्राचार्य, संस्थेचे पदाधिकारी, सासूबाई, टंकलेखन करून देणारा मुलगा. प्राचार्य आणि सासूबाई यांचा क्रम मात्र जाणत्या माणसाला विचारून लावा.

इथे एका माणसापासून सावध करतो. तालुक्याच्या कॉलेजात असा एखादा हटकून असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोटारसायकल काढून वाड्या-वस्त्यांवर जातो, म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतो, एकेका शब्दाचा अर्थ तीन गावांत ताडून बघतो. मग भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून गावातल्याच छापखान्यात पुस्तक छापतो. छाननी समिती विचारते, 'हा प्रकाशक राष्ट्रीय कसा?' तो गप्प राहतो, कारण प्रश्न ओव्यांवर येतील या समजुतीने तो रात्रभर तयारी करून आलेला असतो. चाळीस वर्षांनी कुणीतरी त्या पुस्तकाच्या शोधात त्या गावापर्यंत येईल, याबद्दल मला तरी शंका नाही; त्या ओव्या सांगणाऱ्या बायका तोवर राहिलेल्या नसतील आणि त्या पुस्तकाशिवाय दुसरीकडे कुठे काही सापडणार नाही. पण बढतीची फाइल चाळीस वर्षं थांबत नसते. अशा माणसाला चर्चासत्राला जरूर बोलवा, पहिल्या रांगेत बसवा. त्याचं अनुकरण करू नका.

आता सोहळा. पुस्तक छापून येण्याआधी सभागृह ठरतं, हा निसर्गक्रम आहे. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन. यातला एखादा दिवस पकडलात तर एकाच फोटोवर दोन अहवाल निघतात, फक्त मागचा फलक मधूनच बदलायचा. छापखाना शब्द पाळत नाही, हे गृहीत धरा. आदल्या रात्री 'बाइंडिंग चालू आहे' असा निरोप आला की मुखपृष्ठाचा रंगीत प्रिंट काढा, ग्रंथालयातून त्याच मापाचं जाडजूड पुस्तक मागवा, त्यावर प्रिंट चढवा, वर सोनेरी कागद, वर लाल फीत. पाहुण्यांना एवढंच सांगा की पुस्तक छातीशी सुलटं धरा आणि उघडू नका. ते तसंही उघडणार नसतात. 'ओघवती शैली' आणि 'संग्राह्य मूल्य' हे दोन शब्दप्रयोग पाहुणे घरूनच घेऊन येतात.

दीपप्रज्वलनाच्या वेळी पंखा बंद करायला एक शिपाई नेमा. पहिल्या रांगेतले सोफे संस्थाचालकांचे. ते येईपर्यंत स्वागतगीत चालू ठेवा. कार्यक्रम पत्रिकेवर अकरा छापा, मनात साडेबारा धरा. शाल, श्रीफळ, ग्रंथभेट यांचा क्रम चुकला तरी चालतं, माणूस चुकून राहिला तर पुढची पाच वर्षं महागात जातं. भाषणांची चिंता नको. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून प्रत्येक वक्त्याची पहिली सात मिनिटं आपोआप भरतात. उरलेली 'मी हे पुस्तक एका बैठकीत वाचून काढलं' यावर. कोणती बैठक, हे विचारायचं नसतं.

फोटो मात्र जिओटॅगचा हवा. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक' या संस्थेची समिती अक्षांश-रेखांश बघते. तारीख-वेळ कोपऱ्यात दिसली नाही तर कार्यक्रम झालाच नाही असं समजतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, असं आपण नुसतं ऐकून आहोत. अक्षांश-रेखांश नाहीत, अभिप्राय अर्ज नाहीत, ई-प्रमाणपत्रं नाहीत. आज त्यांना एकही गुण मिळाला नसता.

सोहळा उरकला की प्रतींचं काय करायचं? सप्रेम भेट द्या. घेणाऱ्यांनाही एक सल्ला: रद्दीत घालण्याआधी सहीचं पान फाडून ठेवा, नाहीतर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'आदरणीय सरांना, आपला नम्र' हे लेखकाच्याच हाती लागतं. कायद्याचंही थोडं बघा. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत्येकी एक स्वखर्चाने पाठवायची असते. न पाठवल्यास ५० रुपयांपर्यंत दंड आणि वर पुस्तकाची किंमत. दंडाला घाबरू नका. तुमच्या पुस्तकाची छापील किंमत कुणीतरी पूर्ण मोजून घेतल्याचा तो पहिलाच प्रसंग ठरेल.

कॉलेजच्या ग्रंथालयात पाच प्रती लावा, मार्चअखेर निधी शिल्लक असतोच. दाखल क्रमांक पडला, शिक्का बसला की त्या 'आमचे लेखक' या काचेच्या कपाटात जातात. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिनाच्या भाषणात ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचा १९३१चा पहिला नियम, 'पुस्तकं वापरण्यासाठी असतात', आवर्जून सांगा. कपाटाची किल्ली तेव्हा ग्रंथपालांच्या ड्रॉवरमध्येच असावी.

एका सोहळ्याने भागत नाही, वर्षभरात 'लेखक आपल्या भेटीला' हा उपक्रमही दाखवावा लागतो. त्यासाठी बाहेरचा लेखक लागतो. लेखक स्वतः प्राध्यापक असेल तर त्याचं लक्ष मानधनापेक्षा प्रमाणपत्रावर असतं. त्याच तक्त्यात निमंत्रित व्याख्यानाला राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर २, राष्ट्रीय पातळीवर ३ आणि देशातच झालेल्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात ५ गुण आहेत. तेव्हा बेळगावहून कुणीतरी बोलवा आणि कार्यक्रम राष्ट्रीय करा. न्यू जर्सीत प्राचार्यांचे साडू असतील तर त्यांना पडद्यावर घ्या. आवाज येत नसला तरी पातळी वाढते. लेखक प्राध्यापक नसेल, नुसताच लिहिणारा असेल, तर मानधनासाठी त्याच्याकडून पॅन कार्ड, रद्द केलेला धनादेश आणि तीन प्रतींत पावती घ्या. पैसे पुढच्या आर्थिक वर्षात. दरम्यान तो एखादी कथा लिहील.

त्याला बोलायला वेळ द्यावा लागतो, हे खरं. पण प्रास्ताविक, परिचय, सत्कार आणि सूत्रसंचालकाच्या चारोळ्या नीट आखल्या तर तो सव्वा वाजता उभा राहतो, आणि दीड वाजता एसटी असलेली निम्मी मुलं दाराकडे बघत असतात. श्रोत्यांसाठी प्रथम वर्षाचे दोन वर्ग आणा, हजेरी दाराशी, कार्यक्रम संपल्यावरच. प्रश्नोत्तरांसाठी दोन विद्यार्थ्यांना आधीच प्रश्न वाटून ठेवा: 'सर, तुम्हाला लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळाली?' आणि 'सर, तरुणांना काय संदेश द्याल?' लेखकांना ही दोन्ही उत्तरं झोपेतही येतात.

एवढी खबरदारी घेऊनही कधीकधी अनर्थ होतोच. शेवटून दुसऱ्या रांगेतली एखादी मुलगी हात वर करते. तिच्याकडे पुस्तक असतं आणि, बघा, त्यात बसच्या तिकिटाची खूण घातलेली असते. ती म्हणते, 'सर, पान ११२वर तुम्ही म्हणता की त्या बाईने गाव स्वतःहून सोडलं. पण चौथ्या प्रकरणात तिचा भाऊच तिला स्टँडवर सोडून येतो. मग तिने ठरवलं की त्यांनी?' सभागृहात पहिल्यांदाच शांतता पसरते. त्याहून वाईट म्हणजे लेखकाचा चेहरा खुलतो, तो खुर्ची पुढे ओढतो, आणि 'हे मला अजून कुणीच विचारलं नव्हतं' असं म्हणून बोलायला लागतो.

अशा वेळी विभागप्रमुखांनी ताबडतोब माइक घ्यावा. 'छान प्रश्न, बाळ, कोणत्या वर्षाला आहेस?' एवढं विचारून वेळेअभावी आभार सुरू करावेत. संध्याकाळी ग्रंथपालांना बोलावून पुस्तक कपाटाबाहेर कसं गेलं याची शांतपणे चौकशी करावी. मुलीला रागवू नये, ती हुशार आहे. तिला सांस्कृतिक समितीवर घ्या, स्वागतगीत, रांगोळी आणि सूत्रसंचालन तिच्याकडे द्या, अभिप्राय अर्जांच्या एक्सेल शीटचं कामही सोपवा. दुसऱ्या सत्रापर्यंत तिला पुस्तक हातात धरायला उसंत मिळणार नाही.