पूजेतला संकल्प आणि खिद्रापूरची शिळा

जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठच्या गावांत मराठी घरं बरीच झाली आहेत. भटजी मिळत नाहीत, म्हणून सत्यनारायणाला मोबाइलवर रेकॉर्ड केलेली पूजा लावतात. चौरंग, केळीचे खांब, सव्वाच्या मापाचा शिरा, सगळं नीट असतं. मग संकल्प येतो: 'भरतवर्षे भरतखंडे जंबुद्वीपे दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे...' आणि यजमान पळीनं ताम्हनात पाणी सोडतात. संकल्प म्हणजे मी कोण, कुठे बसलोय, आज कोणती तिथी आणि हे कशासाठी करतोय याची जबानी. ऱ्हाईनच्या काठी बसून गोदावरीच्या दक्षिण तीराची जबानी दिली जाते. रेकॉर्डिंग २०१९ सालचं असेल, तर संवत्सरही, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं वर्षाचं नाव, अजून 'विकारी'च चालू असतं. घरातल्या कुणालाच हे खटकत नाही, कारण ते ऐकायचं असतं असंच कुणाला वाटत नाही.

कोल्हापुरातून फोनवर येणारे संस्कृतबद्दलचे आणि इतिहासाबद्दलचे वाद वाचताना हा संकल्प आठवतो. एक बाजू म्हणते, संस्कृत सगळ्या भाषांची जननी आणि कॉम्प्युटरला सर्वांत योग्य भाषा. दुसरी म्हणते, ज्या भाषेनं आपल्याला दाराबाहेर ठेवलं ती हवी कशाला. दोन्हीकडे तावातावानं बोलणारे पुष्कळ आहेत, पण समोर चार ओळींचा शिलालेख ठेवला तर तो लावून दाखवणारा दोन्हीकडे शोधावा लागतो. जून २०२३ मध्ये औरंगजेबावरच्या मोबाइल स्टेटसवरून कोल्हापूर बंद झालं, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. सतराव्या शतकाचा एकही कागद न उघडता सतराव्या शतकावरून शहर पेटू शकतं, हे तेव्हा दिसलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्या डोक्यावरून काय म्हटलं जातंय ते कळण्याइतकं संस्कृत प्रत्येक पेठेत कुणाला तरी यायला हवं. बोलण्यासाठी नको. २०११च्या जनगणनेत मातृभाषा संस्कृत सांगणारे देशभरात २४,८२१ होते. तो आकडा वाढला किंवा घटला तरी कोल्हापूरचं काही अडत नाही. वाचता यायला हवं, तपासता यायला हवं.

याचा सर्वांत मोठा दाखला कोल्हापूरचाच आहे. १८९९च्या कार्तिकात शाहू महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला जात. पुरोहित मंत्र म्हणत होते, पण ते वेदोक्त नव्हते, पुराणोक्त होते. वेदोक्त म्हणजे वेदसंहितेतला मंत्र, उदात्त-अनुदात्त-स्वरित या स्वरांच्या चढ-उतारांसह म्हणायचा. पुराणोक्त म्हणजे पुराणांतले श्लोक, बहुतेक अनुष्टुभातले, आठ अक्षरांचे चार चरण. पहिला प्रकार द्विजांसाठी, दुसरा शूद्रांसाठी, अशी रूढी होती. न शिकलेल्या कानाला दोन्ही सारखेच ऐकू येतात. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसाला, त्याच्याच नदीवर, त्याच्याच पुरोहितानं शूद्र ठरवलं होतं, आणि हे लक्षात आणून दिलं सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी. ते संस्कृतचे पंडित होते आणि जातीनं ब्राह्मण होते. त्यांना ते ऐकू आलं, कारण त्यांना ते कळत होतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. राजोपाध्यांनी, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांनी, वेदोक्ताला नकार दिला, त्यांची वतनं जप्त झाली, आणि २६ जुलै १९०२ला करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. पण एक गोष्ट आज दोन्ही बाजू सोडून देतात. महाराजांनी संस्कृत नाकारलं नाही. त्यांनी मराठा पुरोहित तयार करण्यासाठी वैदिक शाळा काढली. त्याच वेळी विधी सरळ मराठीत करणाऱ्या सत्यशोधकांनाही पाठबळ दिलं. कुलूप फोडायचं की ते घरच सोडायचं, या दोन वाटांवर कोल्हापूर एकाच वेळी चाललं. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. तरी सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत संस्कृतला राजभाषा करण्याच्या दुरुस्तीला त्यांनी पाठिंबा दिला. ज्या बॉन शहरात १८१८ साली जर्मनीतलं संस्कृतचं पहिलं अध्यासन सुरू झालं, तिथल्याच विद्यापीठात त्यांनी १९२१ साली नाव नोंदवलं होतं. दार बंद करणाऱ्यांवरचा राग आणि आत काय आहे ते स्वतः वाचायची जिद्द, या दोन्ही गोष्टी एका माणसात राहू शकतात.

इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, शाळांत लॅटिन कसं शिकवतात ते सांगितलं पाहिजे. तीही मेलेली भाषा, चर्चची आणि वरच्या वर्गाची. तिच्यावरूनही 'कशाला हवी' हा वाद होतोच. पण 'लाटिनुम' ही परीक्षा बघा. विद्यार्थ्यासमोर न पाहिलेला उतारा येतो, साधारण १८० शब्दांचा, सिसेरो किंवा लिव्ही या रोमन लेखकांच्या तोडीचा. वेळ तीन तास, शब्दकोश शेजारी. त्याचं आपल्या भाषेत भाषांतर करायचं, मग तोंडी परीक्षा. पाठांतराला जवळपास जागाच नाही. आपल्याकडे दहावीला संस्कृत 'स्कोअरिंग' म्हणून घेतात. धडे ठरलेले, सुभाषितं ठरलेली, 'रामः रामौ रामाः' तोंडपाठ. शंभरापैकी अठ्ठ्याण्णव मिळवलेलं पोर संग्रहालयातल्या ताम्रपटासमोर उभं केलं तर एक ओळ लागत नाही, आणि यात पोराची काहीही चूक नाही.

आता एक दगड जवळून बघू. शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठी खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर आहे. तिथले बहुतेक लेख जुन्या कन्नडमध्ये आहेत. दक्षिण दाराबाहेर मात्र यादव राजा सिंघणाचा संस्कृत लेख आहे, देवनागरीत. त्यात देवाला दिलेल्या दानाची नोंद आहे आणि काळ दिलाय: शके ११३६, श्रीमुख संवत्सर, चैत्र, सूर्यग्रहण, सोमवार.

बहुतेक जण ११३६ मध्ये ७८ मिळवतात आणि १२१४ लिहून मोकळे होतात. इथंच चुकतं. शके दोन तऱ्हेनं मोजत: गत, म्हणजे पुरी झालेली वर्षं, आणि वर्तमान, म्हणजे चालू वर्ष. आपल्या आजच्या पंचांगातलं शक गत आहे. दगडावरचं कोणतं, हे संवत्सर सांगतं. रीत सोपी आहे. गत शकात १२ मिळवा, ६०नं भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला धरून. ११३६ गत मानलं तर ११४८ भागिले ६०, बाकी ८, म्हणजे भाव. दगड म्हणतो श्रीमुख, सातवं. म्हणजे गत शक ११३५, आणि साल १२१३. सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं. चैत्र अमावास्या २२ एप्रिल १२१३ला येते, त्या दिवशी सोमवार होता आणि सूर्यग्रहणही. १२१४च्या चैत्र अमावास्येला सोमवार येतच नाही. चार खुणा एकमेकींना धरून आहेत, आणि हे तपासायला कुणाच्या मोठेपणाचा आधार लागत नाही.

शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. हीच यादी पूजेच्या संकल्पात आहे. घरोघरी कानावरून जाणारी ती ओळ ताम्रपटांच्या तारखेची किल्ली आहे. ती नीट ऐकली असती तर अर्धं काम झालं असतं.

वाचताना अडतं ते लिपीत. त्या काळच्या नागरीत पृष्ठमात्रा असते. एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता आधी उभी रेघ म्हणून देतात, त्यामुळे 'देव' हा शब्द 'ादव' असा दिसतो. 'को' असेल तर काना दोन्ही बाजूंना येतो. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, वर संधी. नवशिक्यानं सुरुवात लेखाच्या शेवटापासून करावी, हा माझा आग्रह आहे. कारण पुष्कळ दानपत्रांच्या शेवटी तोच शापाचा श्लोक येतो: 'स्वदत्तां परदत्तां वा यो हरेत वसुंधराम्'. आपण दिलेली असो की दुसऱ्यानं, दिलेली जमीन जो हिरावेल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. श्लोक आधीच पाठ असला की त्यावरून लेखातली अक्षरं ओळखता येतात, आणि मग मागे सरकत मधला मजकूर लावता येतो.

दुसरा लेख तर आजच्या कुठल्याच गटात बसत नाही. शिलाहार घराण्यातल्या विजयादित्य राजाचा शके १०६५चा कोल्हापुरातला शिलालेख: भाषा संस्कृत, लिपी जुनी कन्नड, दान जैन मंदिराला. बिंदू चौकातल्या कुठल्या सभेत हा दगड कुणाच्या बाजूनं उभा करणार? करवीरचा इतिहास एकट्या संस्कृतात नाही. शिलाहारांसाठी जुनी कन्नड लागते, आदिलशाहीसाठी फारसी, छत्रपतींच्या दफ्तरासाठी मोडी. रायगडच्या राज्याभिषेकाच्या काळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश तयार झाला, तोही फारसी कळणाऱ्यांनाच करता आला.

वाचताना आपल्या मनातलं त्यात घालायचा मोह होतो, तो टाळणं सर्वांत अवघड. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या शके ७९३च्या संजान ताम्रपटात त्यानं लोकांवरचं संकट टळावं म्हणून डाव्या हाताचं बोट महालक्ष्मीला अर्पण केल्याचं म्हटलंय. ती महालक्ष्मी कोल्हापूरची, असं अभ्यासक मानतात, आणि ते पटण्यासारखं आहे. पण तो अभ्यासकांनी लावलेला अर्थ आहे. कोल्हापूरच्या देवीला अंबाबाई म्हणायचं की महालक्ष्मी या वादात हा ताम्रपट दोन्हीकडून फेकला जाण्याआधी एवढा फरक सांभाळला पाहिजे. कॉम्प्युटरच्या दाव्याचंही तसंच. १९८५ साली रिक ब्रिग्ज या संशोधकानं लिहिलं ते वैयाकरणांनी वाक्याचा अर्थ उलगडण्याच्या पद्धतीबद्दल, म्हणजे शाब्दबोधाबद्दल. त्याचं 'संस्कृत कॉम्प्युटरला सर्वांत योग्य, असं नासानं सांगितलं' कसं झालं, हे मूळ लेख उघडला की पाच मिनिटांत कळतं.

मग करायचं काय? एखाद्या तालमीनं किंवा मंडळानं आठ-दहा जणांचा वाचनगट काढावा, आठवड्याला दोन तास, वर्षभर. पहिले तीन महिने अकारान्त, इकारान्त आणि नदीसारखी रूपं, भूतकाळ, 'दत्तम्' (दिलेलं), 'कृतम्' (केलेलं) ही क्तान्त रूपं आणि पाच-सहा संधी. मग छापील लेख, मग दगड. एक संस्कृतवाला, एक मोडीवाला आणि एक कन्नड येणारा माणूस गटात हवाच. सीमाभागात तो शोधावा लागत नाही. जात विचारायची नाही, हे कोल्हापुरात वेगळं सांगायला नको.

कोपेश्वर संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय शाईचा ठसा घ्यायचा नाही. फोटोनं काम भागतं. बॅटरीचा झोत समोरून मारला की अक्षरं सपाट दिसतात. तो दगडाला जवळजवळ घासून, दहा-पंधरा अंशांतून, चारही बाजूंनी टाकायचा आणि प्रत्येक बाजूचा वेगळा फोटो काढायचा. शेजारी मोजपट्टी ठेवायची. तारेचा ब्रश, ॲसिड, तेल, शेंदूर काही लावायचं नाही. आणि अक्षरांत खडू भरायचा नाही. खडू भरणारा त्याला वाटलेलं अक्षर भरतो, मग पुढच्या प्रत्येक फोटोत तेच दिसतं, आणि दहा वर्षांनी त्याचा अंदाज पुरावा म्हणून छापला जातो.

२०१९च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुका पाण्याखाली होता. कृष्णा पुन्हा चढेल. फोटो मे महिना संपायच्या आत काढून व्हायला हवेत.